लाकडी कपांचे क्लोज्ड-बॅक हेडफोन: गोव्यात बसून घेणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

गाण्यासाठी पैसे मोजायची तयारी असलेली माणसं गोव्यात भरपूर आहेत. भजनाच्या बैठकांतून कान तयार झालेले असतात, घरात नाट्यसंगीत चालू असतं, आणि कधीतरी नजर अक्रोडाच्या नाहीतर चेरीच्या कपांवर जाऊन अडकते. मग फोंड्याहून, म्हापशाहून, मडगावाहून ठरावीक प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माझं मत आधीच सांगतो: पैसे लाकूड बघून मोजू नका. इअरपॅड कानाभोवती नीट बसतो का आणि चार पावसाळ्यांनंतर तो बदलून मिळेल का, हे बघून मोजा.

या हेडफोनांत नक्की काय लाकडी असतं?

फक्त कानामागचा कप. आवाज काढतो तो ड्रायव्हर. त्याचा पडदा प्लास्टिकच्या फिल्मचा, कागदाच्या लगद्याचा किंवा बायोसेल्युलोजचा असतो. सोनीने १९८९ मध्ये काढलेल्या एमडीआर-आर१० या गाजलेल्या हेडफोनातही कप जपानी झेल्कोवाचे होते आणि पडदा बायोसेल्युलोजचा.

घेताना दोन गोष्टी तपासा. काही स्वस्त मॉडेलांत प्लास्टिकच्या कपावर लाकडाची पातळ चकती चिकटवलेली असते. तिला लाकडी कप म्हणता येत नाही. दुसरं म्हणजे लाकडी असला की तो क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद, असेलच असं नाही. ग्रॅडोच्या आरएस मालिकेतले हेडफोन लाकडी असले तरी ओपन-बॅक आहेत, म्हणजे मागून जाळी. खोलीतल्या सगळ्यांना तुमचं गाणं ऐकू येईल. फोटो बघून ऑर्डर देणाऱ्यांची इथेच फसगत होते.

लाकडामुळे आवाज खरंच गोड होतो का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ड्रायव्हरचा पडदा पुढे हलला की कानाकडे आवाज जातो, तसाच तो मागेही जातो. ओपन-बॅकमध्ये मागचा आवाज बाहेर निघून जातो. क्लोज्ड-बॅकमध्ये तो कपात अडकतो आणि तिथे दोन गोष्टी घडतात. कपातली कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी पडद्याला मागे ढकलते, त्यावर बासचा बाज ठरतो. आणि कपाच्या भिंतीवर आपटून परतलेला आवाज पडद्यातून पुन्हा कानाशी येतो.

चवथीच्या आरतीत घुमट वाजवणारा बघा. एका तोंडावर चामडं असतं, दुसरं उघडं. वाजवणारा डाव्या तळव्याने उघडं तोंड कमीजास्त झाकतो आणि नाद लगेच बदलतो. चामडं तेच, मातीही तीच, फक्त आतल्या हवेला बाहेर पडायची वाट बदलली. हेडफोनच्या कपातही अशी अनेक वळणं हवेच्या आकारमानावर आणि तिच्या वाटांवर ठरतात.

परतणाऱ्या आवाजाचा हिशेबही सोपा आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. कप पाच सेंटीमीटर खोल आणि मागची भिंत सपाट असेल, तर पहिला ठळक अनुनाद ३,४०० हर्ट्झच्या आसपास येतो. आपला कान नेमका याच पट्ट्यात फार तीक्ष्ण असतो. गायकाच्या आवाजाची धार, हार्मोनियमचा चिरका भाग, झांजेची सुरुवात, सगळं तिथेच. म्हणून चांगले निर्माते आतली भिंत गोलसर ठेवतात, मागे लोकर किंवा फेल्ट भरतात, बारीक छिद्रांनी हवेला वाट देतात.

मग लाकूड काय करतं? लाकडात अंतर्गत घर्षण जास्त असल्यामुळे ते धातूसारखं घणघणत नाही. पातळ प्लास्टिकपेक्षा जाड, ताठ भिंत देता येते. आतून हवा तो आकार कोरता येतो. हे फायदे खरे आहेत. पण जाड, नीट बांधलेला प्लास्टिकचा कपही त्याच्या जवळ जातो. सतार, तानपुरा, व्हायोलिन यांचं लाकूड स्वतः गायला हवं म्हणून निवडतात. हेडफोनच्या कपाने गप्प राहणं अपेक्षित आहे. त्यामुळे ‘लाकडी वाद्य गोड, म्हणून लाकडी हेडफोन गोड’ हा तर्क मला पटत नाही.

अक्रोड, चेरी, सागवान, बांबू: कुठलं लाकूड घ्यावं?

आवाजासाठी लाकडाची जात निवडू नका, मॉडेल निवडा. मेझे ९९ क्लासिक्स अक्रोडाचा, डेनॉन एएच-डी७२०० अमेरिकन अक्रोडाचा, एएच-डी५२०० झेब्रावूडचा, फॉस्टेक्स टीएच९०० जपानी चेरी-बर्चचा आणि वर उरुशी लाखेचा. ऑडिओ-टेक्निकाने डब्ल्यू५००० साठी आबनूस वापरलं, डब्ल्यू१०००झेड साठी सागवान. डेनॉनच्या डी९२०० चे कप जपानच्या कोची भागातल्या बांबूचे आहेत, आणि वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत. तरीही तो याच रांगेत मानाने बसतो. या सगळ्यांच्या आवाजात मोठा फरक आहे, पण ड्रायव्हर, पॅड आणि कपाचा आकारही प्रत्येकाचा वेगळा असल्याने त्याचं श्रेय झाडाला देता येत नाही.

गोव्यात क्लोज्ड-बॅक घ्यायचं काय कारण?

पाऊस. कौलांवर, त्याहून जास्त पत्र्यांवर पाऊस कोसळायला लागला की ओपन-बॅकमध्ये ख्यालाचा विलंबित भाग वाहून जातो. शिवाय डोक्यावर पंखा, शेजारी टीव्ही, आणि त्याच खोलीत कुणीतरी झोपलेलं.

पण अपेक्षा माफक ठेवा. महागड्या लाकडी हेडफोनांत बाहेरचा आवाज अडवायची ताकद बरेचदा बेताची असते, कारण कपाला हवेच्या वाटा ठेवलेल्या असतात. टीएच९०० सारखे हेडफोन त्याबाबतीत साध्या स्टुडिओ हेडफोनच्याही मागे पडतात. जाड आवाज, म्हणजे बसचं इंजिन, जनरेटर, ते तर कुठल्याच साध्या कपाने नीट अडत नाहीत. रोज कदंबाच्या बसमधून पणजीला जाताना ऐकायचं असेल तर नॉइज कॅन्सलिंगवाला साधा हेडफोन घ्या. लाकडी घरासाठी ठेवा.

ऐकून कसं पारखायचं? नेमकं काय लावायचं?

सुरुवात गाण्याने करू नका, सीलने करा, म्हणजे पॅड कानाभोवती किती घट्ट, हवाबंद बसतो त्याने. हेडफोन घाला, बास असलेलं काहीतरी लावा आणि दोन्ही कप तळव्यांनी हलकेच कानाकडे दाबा. दाबल्यावर बास एकदम भरला तर पॅड डोक्याला नीट टेकत नाही आहे. चष्म्याच्या काडीमुळे पडणारी बारीक फटही दोनशे हर्ट्झच्या खालचा बास गळून जायला पुरते. चष्मा असेल तर चष्म्यासकटच ऐका, कारण घरी तसंच ऐकणार आहात. डब्ल्यू५००० बद्दल ‘बासच नाही’ आणि ‘बास सुंदर आहे’ अशी दोन्ही मतं प्रामाणिक माणसांकडून ऐकायला मिळतात, त्याचं मोठं कारण हे सीलच.

मग स्वतःला पाठ असलेलं संगीत. माझी क्रमवारी अशी:

तानपुरा आधी. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्यातून षड्जाच्या वर स्वरांची एक पुंजकी सतत उमलत असते. चांगल्या हेडफोनात ती एकसंध वाटते. एखादा स्वर मधूनच पुढे येऊन खुपायला लागला तर तिथे कपाचा अनुनाद आहे असं समजा. मिनिटभर पुरतं.

नंतर डग्गा. डग्ग्यावरची मींड वरून खाली सरकताना सारख्या जोराने ऐकू यायला हवी. मेझे ९९ क्लासिक्समध्ये वरचा बास फुगवलेला आहे, त्यामुळे डग्गा थोडा मोठा आणि गुबगुबीत होतो. भावगीतांना ते छान वाटतं, पण द्रुत लयीत तबल्याचे बोल एकमेकांत मिसळतात. टीएच९०० मध्ये अगदी खालचा बास खोल आणि घट्ट, पण गायक पावलभर मागे उभा आणि झांजा धारदार.

त्यानंतर आवाज. मी किशोरीताई किंवा अभिषेकीबुवा लावतो. मंगेशीच्या या बुवांच्या आवाजातला किंचित जाडसर पोत ओळखीचा असेल तर हेडफोन मिडमध्ये, म्हणजे मधल्या सुरांच्या पट्ट्यात, काय करतोय ते पहिल्या आलापात कळतं. क्लोज्ड-बॅक हेडफोन नापास होतात ते बहुधा इथे. आवाज पेटीत बसून गायल्यासारखा वाटला की समजायचं.

केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्यांवर मात्र हेडफोन पारखू नका. केरीच्या या गायिकेची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्णतबकडीतून अंतराळात गेली. ते गाणं थोर आहे, पण ७८ आरपीएमच्या त्या मुद्रणात पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर फारसं काही उरत नाही आणि खालचा बासही नाही. त्यावर पाच हजारांचा आणि लाखाचा हेडफोन जवळजवळ सारखे वाटू शकतात. पण तुमचं बहुतेक ऐकणं अशाच जुन्या मुद्रणांचं असेल, तर हीच माहिती तुमचे पैसे वाचवेल. ट्रेबलच्या तपशिलासाठी जादा रक्कम मोजू नका, मिड स्वच्छ असलेला हेडफोन घ्या.

दोन हेडफोनांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. किंचित मोठा वाजणारा नेहमी चांगला वाटतो. आणि दर अर्ध्या मिनिटाने बदलत बसण्यापेक्षा एकावर पूर्ण बैठक ऐका. तासाभराने कान शिणतो का, कप गरम होतात का, हे तेव्हाच कळतं.

ऐकायला मिळतंच कुठे? इथल्या दुकानांत तर ब्लूटूथवालेच असतात.

अडचण खरी आहे. मुंबई, पुणे, बंगळूर यांपैकी कुठे काम निघालं की तिथल्या दुकानाला आधी फोन करून हवं ते मॉडेल ऐकायला मागा, आपला चष्मा आणि आपली गाणी घेऊन जा. ते जमणार नसेल तर परत घेण्याची अट लेखी असलेल्या विक्रेत्याकडूनच मागवा.

नेटवरच्या ग्राफवर विश्वास ठेवावा का?

हेडफोन कुठला सूर किती जोरात वाजवतो ते हे ग्राफ दाखवतात. विश्वास ठेवावा, मर्यादा लक्षात घेऊन. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हरमन या ऑडिओ कंपनीत केलेल्या संशोधनातून श्रोत्यांना साधारण कुठला टोन आवडतो त्याचा एक वक्र निघाला. तो तुलनेसाठी उपयोगी आहे. ग्राफवर दोनशे हर्ट्झच्या खाली आणि एक ते चार किलोहर्ट्झच्या दरम्यान काय चाललंय ते नीट बघा. आठ-दहा किलोहर्ट्झच्या वरची शिखरं-दऱ्या मात्र मोजायच्या कृत्रिम कानाप्रमाणे आणि तुमच्या कानाप्रमाणे बदलतात, त्यांच्यावर भांडण्यात अर्थ नाही. आणि ग्राफ घेताना पॅड घट्ट बसवलेला असतो. तुमच्या चष्म्याचा हिशेब त्यात नसतो.

इक्वलायझर वापरायला लाजू नका. फुगलेला बास किंवा टोकदार ट्रेबल त्याने छान आवरतो. गळणारं सील मात्र त्याने बुजत नाही.

फोनला लावून चालेल, की अँप (अँप्लिफायर) घ्यावाच लागेल?

बहुतेक लाकडी क्लोज्ड-बॅक चालवायला सोपे असतात. टीएच९०० चा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, २५ ओहम आणि संवेदनशीलता एका मिलिवॅटला १०० डेसिबल. साध्या यूएसबी-सी डोंगलमधून साधारण एक व्होल्ट निघतो, म्हणजे ४० मिलिवॅट, म्हणजे ११६ डेसिबलपर्यंत मजल. एवढा आवाज कुणी ऐकूही नये. अडचण ३०० ओहमवाल्यांची. शिकागोच्या झेडएमएफ कंपनीचा वेरिते क्लोज्ड त्यातला. त्याच एक व्होल्टवर त्याला जेमतेम ३.३ मिलिवॅट मिळतात. शांत मुद्रित केलेल्या शास्त्रीय संगीताला ते अपुरं पडू शकतं, तिथे अँप हवा.

कमी ओहमच्या हेडफोनला जुन्या, जास्त आउटपुट इम्पिडन्सच्या अँपला लावू नका. अँपचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, म्हणजे २५ ओहमसाठी तीनच्या आसपास. हे जमलं की महागड्या डॅकवर, म्हणजे डिजिटल गाण्याचा विद्युत संकेत करणाऱ्या यंत्रावर, पैसे घालायची घाई नको.

किंमत वाढली की आवाज किती वाढतो?

सरळ प्रमाणात नाही. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेडफोनची किंमत आणि त्याचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स यांच्यात संबंधच आढळला नाही. मेझे ९९ क्लासिक्स बाजारात आला ३०९ डॉलरला, डेनॉन डी९२०० आला १,५९९ ला. पाचपट किमतीत पाचपट गाणं नाही येत. येतो तो तपशिलाचा नीटनेटकेपणा, मऊ पॅड, डोक्यावर कमी जाच, आणि हातात घेतल्यावर सुख देणारी वस्तू. त्या सुखाचे पैसे देण्यात काही गैर नाही. जुन्या घरातल्या शिसवी आरामखुर्चीवरून हात फिरवणाऱ्याला ते वेगळं सांगायला नको. फक्त ते पैसे आवाजाच्या खात्यात लिहू नका.

भारतात पडणारी किंमत डॉलरच्या हिशेबापेक्षा बरीच वर जाते. आयात शुल्क, मग १८ टक्के जीएसटी, मग वितरकाचा वाटा. परदेशातून भावाकडून किंवा मुलाकडून मागवलं तर वॉरंटी इथे चालेल का ते आधी विचारा. पार्सलने हेडफोन परत परदेशी पाठवायची वेळ आली की वाचलेले पैसे संपतात.

किमतीत इअरपॅडही धरा. त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

पावसाळ्यात लाकूड फुगेल का? बुरशीचं काय?

लाकडाची काळजी सगळे करतात, पण आधी जातो तो इअरपॅड.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे खाली उतरत नाही. नकली चामड्याच्या पॅडवर पॉलियुरेथेनचा थर असतो. दमट हवेत पाण्याच्या रेणूंनी त्याचे बंध तुटत जातात. आधी तो चिकट लागतो, मग शिवणीपाशी बारीक भेग, मग काळे पापुद्रे गळ्यावर आणि उशीवर. हेडफोन कपाटात न वापरता ठेवला तरी हे होतं. खऱ्या चामड्याच्या पॅडचं दुखणं वेगळं: घडीत पांढुरकी-हिरवट बुरशी आणि कोंदट वास. घामाचं मीठ आणि किनाऱ्याची खारी हवा असली की जॅकवर काळपट थर येतो आणि एक बाजू मधूनच कुरकुरते.

पॅड दबला किंवा फाटला की सील जातं, आणि सीलबरोबर बास. म्हणून विकत घेण्याआधी विचारा: मूळ पॅड भारतात मिळतात का, कितीला, आणि ते साध्या झटक्यात निघतात की गोंदाने चिकटवलेले आहेत? बाहेरच्या कंपनीचे पॅड लावता येतात, पण जाडी, छिद्रं, आतलं कापड बदललं की टोन बदलतो. कधी चांगला, बरेचदा वाईट.

रोज वापरल्यावर कोरड्या सुती कपड्याने पॅड पुसा आणि तासभर पंख्याखाली मोकळा ठेवा, लगेच पेटीत कोंबू नका. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, जेलचा रंग उतरला की तवा किंवा ओव्हनमध्ये सुकवून परत घाला. कॅमेरावाल्यांकडे असतं तसं ड्राय कॅबिनेट असेल तर ४५ ते ५५ टक्के आर्द्रता ठेवा. त्याहून कोरडं करू नका, लाकडालाही ते सोसत नाही.

लाकडाला लाख किंवा पॉलिशचा थर असतो, त्यामुळे ते फुगण्याची भीती कमी. कपाच्या आतल्या कडेला, जिथे थर पातळ असतो, तिथे वर्षातून एकदा नजर टाका. खोबरेल तेल लावू नका, सॅनिटायझरने पुसू नका. एकाने थर मऊ पडून धूळ धरते, दुसऱ्याने लाख पांढरी पडते.

आपल्या मेस्ताकडून (सुताराकडून) फणसाचे किंवा शिसवीचे कप करून घेता येतील?

हात नक्कीच आहेत. कुंकळ्ळीच्या चितारींचं लेथवरचं लाखकाम बघितलंय त्याला शंका राहणार नाही. तरी मूळ कप बदलायचा असेल तर आतलं आकारमान, खोली आणि भिंतीचा उतार मूळच्यासारखाच ठेवावा लागतो, नाहीतर ड्रायव्हरचा सगळा हिशेब बिघडतो. वॉरंटीही जाते. जुना, वॉरंटी संपलेला हेडफोन असेल आणि मूळ कप जपून ठेवणार असाल तर जरूर करून बघा. लाकूड पूर्ण सुकलेलं हवं, एवढ्यावर तडजोड नको. शिसवीच्या डालबर्जिया प्रजातीतली झाडं २०१७ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहेत, तेव्हा परदेशी पाठवायचे किंवा विकायचे कप असतील तर त्या नियमांची चौकशी आधी करा.

जुना, वापरलेला घ्यावा का?

चांगला सौदा होतो, कारण ड्रायव्हर सहसा टिकतात. वायर सुटी होते का ते बघा. डेनॉनचा डी७०००, ऑडिओ-टेक्निकाचा डब्ल्यू५००० आणि पहिला टीएच९०० यांची वायर कायमची जोडलेली आहे, टीएच९०० च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ती सुटी झाली. वायर तुटली तर सोल्डरिंग करणारा माणूस जवळ असायला हवा. पॅड नवे घ्यावे लागतील असं धरूनच भाव करा.

महिनाभर वाजवून ठेवला की आवाज खुलतो, हे खरं?

ड्रायव्हरमध्ये होणारा बदल अगदी किरकोळ असतो. पॅड तुमच्या डोक्याप्रमाणे दबतो आणि कानाला सवय होते, त्यांचा वाटा मोठा. परत करायची मुदत संपेपर्यंत ‘खुलेल’ म्हणून थांबू नका.

किती मोठ्याने ऐकावं?

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी. क्लोज्ड-बॅक घेऊन बाहेरचा गोंगाट थोडा जरी कमी झाला तरी आवाज कमी ठेवता येतो. पावसाच्या आवाजावर मात करायला नॉब वर नेत राहू नका, त्या तासापुरतं गाणं थांबवा.

पार्सल आलं. आता पहिल्या आठवड्यात काय बघू?

खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा. दोन्ही कपांवर उजेड तिरपा पाडून केसासारखी चीर आहे का बघा. रेषेचा नमुना डाव्या-उजव्या कपावर थोडा वेगळा असणं नैसर्गिक आहे, चीर नाही. मोनो मुद्रण लावून आवाज डोक्याच्या बरोबर मध्ये येतो का ते ऐका. एका बाजूला झुकत असेल तर हेडफोन उलटा घालून पुन्हा ऐका. झुकाव हेडफोनबरोबर फिरला तर दोष हेडफोनचा, तिथेच राहिला तर तुमच्या कानाचा किंवा मुद्रणाचा. २० ते १०० हर्ट्झचा टोन हळूहळू फिरवून कुठे खरखर येते का तपासा, बऱ्याचदा एखादा केस पडद्याला लागलेला असतो. वायर जॅकपाशी हलवून बघा. यातलं काही बिघडलेलं आढळलं तर परत करायची मुदत संपण्याआधी विक्रेत्याला लेखी कळवा, आणि तोपर्यंत खोका, आतला फोम आणि बिल टाकून देऊ नका.